एक नंबरची खाट

आमच्या सिस्टरइतकं देवाला कामाला लावणारं माणूस सातारा-सांगलीत दुसरं झालं नसेल. सिस्टर म्हणजे विश्रामबागेतल्या माझ्या घरमालकीण. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या आणि निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर मी नोकरीसाठी सांगलीत आलो आणि त्यांची पुढची खोली भाड्यानं घेतली. मधली भिंत एका विटेची, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे संध्याकाळी सातला त्या देवाशी जे बोलत ते मला अक्षरन् अक्षर ऐकू येई.

ती प्रार्थनाच होती, पण राउंडला आलेल्या डॉक्टरला नर्स रिपोर्ट देते तशी. नात्यातली जी माणसं येशूकडे वळायला तयार नव्हती, त्यांना सिस्टरनी खाटांचे नंबर दिले होते. दोन नंबर जाऊबाई, तीन नंबर मिल्ट्रीतला भाचा. ‘‘तीन नंबरची दारू सुटंना, डोस वाढवाय पायजे,’’ असं त्या देवाला ठणकावून सांगत. एरवी चारचौघांत शुद्ध बोलणाऱ्या सिस्टर देवाशी मात्र माहेरच्या, कोरेगावच्या बोलीत बोलत. माझ्यापाशी त्यांनी धर्माचा विषय कधी काढला नाही, कारण पेशंटसमोर केसची चर्चा करायची नाही हा त्यांचा जुना नियम. मला टायफॉइड झाला तेव्हा तीन आठवडे पेज पाजून त्यांनी मला उभं केलं, आणि मी हिंडूफिरू लागलो त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, ‘‘सात नंबर, नवा. भूक बरी, झोप बरी. तुज्याकडं वढा अजाबात न्हाई.’’ दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, सिस्टर, मला डिस्चार्ज द्या. त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या, ‘‘सही डॉक्टरांची लागते.’’

नाताळात त्या सगळ्या नंबरांना कार्डं टाकत, आठ माणसांचा स्वयंपाक करत, आणि जेवायला आम्ही दोघंच असू. मग चार दिवस तेच गरम करून खायचं. मी आग्रहानं जास्त खाई, पण सहा माणसांची भूक मी कुठून आणणार?

एक नंबर मात्र वर्षातून एकदा यायचा, भाऊबीजेला. हा सिस्टरचा थोरला भाऊ, फौजेतून हवालदार होऊन परतलेला. ऐन तारुण्यात विधवा झालेल्या बहिणीनं नर्स होऊन बाप्तिस्मा घेतला, तेव्हा ‘घरच्या देवाला परत हात जोडशील तवाच तुज्या हातचं पानी पिईन’ असं तो बोलून गेला होता, आणि शब्दाला लोखंडासारखा पक्का होता. फाटकाबाहेरच्या दगडावर बसायचा, खांद्याला लटकावलेल्या फौजी बाटलीतलं स्वतःचं पाणी प्यायचा. फाटकाच्या आत सिस्टर भरलेला तांब्या घेऊन उभ्या. तासभर उसाच्या, वासरांच्या गप्पा होत, गुळाची ढेप ठेवून तो निघून जाई आणि तांब्या तसाच आत येई. संध्याकाळचा रिपोर्ट ठरलेला, ‘‘एक नंबर. दादा. तोंडानं कायबी घेत न्हाई.’’ एवढं सांगताना त्यांचा आवाज नर्सचा राहत नसे.

शेवटच्या वर्षी तो काठी टेकत आला. बाटली वाटेतच संपली होती. सिस्टरनी ती न विचारता त्याच्या खांद्यावरून काढली, आतून भरून आणली आणि पुन्हा अडकवली. तो उठून चालू लागला. त्या मला म्हणाल्या, कोपऱ्यावर जाऊन ओतून देईल. मी त्याला एसटीपर्यंत सोडायला गेलो. थांब्यावर बसून त्यानं बाटली तोंडाला लावली ती रिकामी करूनच खाली घेतली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, ‘‘तिला सांगू नगंस रं.’’ मीही शब्द दिला.

माघात तो गेल्याची तार आली. गेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नाही असं सिस्टरच्या चर्चचं शिक्षण. त्या दिवसापासून सातला भिंतीपलीकडे आधी नुसतीच शांतता असे, एक नंबरला जेवढा वेळ लागे तेवढी, आणि मग ‘‘दोन नंबर...’’ महिनाभर मी ती शांतता ऐकली. मग एका सकाळी मला राहवेना. दिलेला शब्द मोडून मी सगळं सांगून टाकलं.

त्या ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग माझ्याशी पहिल्यांदाच कोरेगावचं बोलल्या. ‘‘समदं प्याला?’’

‘‘सगळं. बाटली उपडी करून.’’

‘‘उकळल्यालं व्हतं,’’ त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

त्या संध्याकाळी शांतता नव्हती. ‘‘एक नंबर,’’ भिंतीपलीकडून ऐकू आलं. ‘‘दादानं पानी घेतलं.’’ पुढे काही मागणं नाही, लगेच दोन नंबर.

पुढं माझी बदली साताऱ्याला झाली. काही वर्षांनी सिस्टरही गेल्या. त्यांच्या देवाकडे मी अजून वळलेलो नाही. माझी भिंत आता पक्की, छतापर्यंत पोचलेली आहे आणि पलीकडे कोणी राहत नाही. तरी सात वाजले की मी हातातलं काम थांबवतो. सात नंबर, भूक बरी, झोप कमी, असं मनातल्या मनात सांगून टाकतो. कोणाला सांगतो, ते मला ठाऊक नाही.