डबीची खोड

ज्याला मोटार चालवता येत नाही आणि ज्याच्या दारातली मोटार जागची हलत नव्हती, अशा माणसाकडे नगरातले मोटारवाले सल्ला विचारायला का यायचे, हे मला अजून कळलेलं नाही. पण यायचे. आणि माणसं एकदा ओसरीवर येऊन बसू लागली, की किस्से साठायला वेळ लागत नाही. गॅरेजच्या कोपऱ्यात जुने टायर साठतात तसे ते साठतात. उपयोग काही नसतो, पण टाकवतही नाहीत.

येण्याचं कारण माझी बायको. ती डॉक्टर होती. पाथर्डीच्या बाजूच्या गावांना बाळंतपणाला जायची, तीही स्वतः मोटार चालवत. काळी, छोटीशी विलायती गाडी. गावातली माणसं तिला ‘डबी’ म्हणत. ‘बाई आल्या’ असं कोणी म्हणायचं नाही. ‘डबी आली’ म्हणायचे.

मी शाळामास्तर. सुट्टीच्या दिवशी तिच्या डाव्या बाजूला बसून जायचो. वाटेत गाडी बिघडली की ती बॉनेटमध्ये डोकं घालायची आणि मी पाना धरून उभा राहायचो. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं, “तुमच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. ओढू नका, मोडेल.” म्हणून कुठेही थांबलो की ती उतरायची, गाडीला वळसा घालून यायची आणि बाहेरून दार उघडायची. मग मी उतरायचो. “गॅरेजवाल्या उस्तादला दाखवू या का?” असं विचारलं की म्हणायची, “चाललंय ना?”

एका गावात पाण्याला निघालेल्या बाया हा प्रकार बघत उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, “बाई दार उघडत्यात आन मास्तर उतरत्यात. ह्यातली नवरी कोन म्हनायची?”

त्यानंतर कितीतरी दिवस ती दार उघडताना म्हणायची, “नवरीबाई, उतरा.”

जर्मनीशी लढाई चालू असतानाच ती गेली. डबी अंगणातल्या पेरूखाली जुनं जाजम पांघरून उभी राहिली, आणि लोक माझ्याकडे येऊ लागले. म्हणायचे, “बाईंच्या शेजारी इतकी वर्षं बसलात, तुम्हाला कळणारच.” शेजारी बसून ज्ञान येत असतं, तर आमच्या शाळेतले सगळे बाक एव्हाना मॅट्रिक झाले असते.

* * *

सल्ल्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे आबासाहेब वकील. त्यांची गाडी जुनी, उंच, टपाला कापड असलेली. पाथर्डीच्या कोर्टातून परतताना ती करंजीच्या घाटात हटकून बंद पडायची.

आबासाहेबांनी माझी उलटतपासणीच घेतली. “चढावरच का बंद पडते? सपाटीला का नाही?”

मला एवढंच आठवत होतं की, जुन्या गाड्यांत पेट्रोल उताराच्या पाण्यासारखं आपोआप वाहत इंजिनात जातं. चढावर इंजिन वर आणि टाकी खाली झाली की ते जात नाही. बायको एकदा म्हणाली होती, अशी गाडी उलटी चढवावी. मी तसंच सांगितलं.

आबासाहेबांनी सल्ला अक्षरशः पाळला. दुसऱ्या दिवशी काळा कोट, मान मागे वळवलेली, गाडीचं तोंड पाथर्डीकडे, आणि गाडी मात्र मागं मागं नगरकडे घाट चढतेय. वळणावर एका बैलगाडीवाल्यानं बैल थांबवले. बराच वेळ बघितलं आणि अदबीनं विचारलं, “सायेब, तुमी येताय का जाताय?”

आबासाहेब म्हणाले, “प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.”

* * *

नगरात मोटारीचा वैद्य एकच. आम्ही सगळे त्याला उस्ताद म्हणायचो. कुठलीही गाडी कुठल्याही कारणानं बंद पडो, उस्तादचं निदान ठरलेलं: “कचरा आलाय.” मग तो सगळ्या नळ्या सोडायचा, फुंकायचा, पुन्हा बसवायचा. गाडी कधी चालू व्हायची, कधी नाही. निदान मात्र बदलायचं नाही.

पेट्रोलला रेशन लागलं त्या दिवसांत आबासाहेबांची गाडी माझ्या दारातच बंद पडली. उस्तादला बोलावलं. त्यानं गाडीकडे न बघताच सांगितलं, “कचरा.” दुपारभर नळ्या फुंकल्या. काही होईना. शेवटी त्यानं टाकीचं झाकण काढून आत काडी घातली. काडी कोरडी आली. महिन्याची कुपनं आबासाहेबांनी केव्हाच संपवली होती.

उस्ताद फडक्याला हात पुसत म्हणाला, “वकीलसाहेब, आज कचरासुद्धा नाही.”

* * *

त्याच दिवसांत हुसेनभाईंची नगर–पाथर्डी सर्व्हिस कोळशाच्या गॅसवर चालायला लागली. बसच्या पाठीवर बंबासारखी भट्टी. तिच्यात कोळसा पेटवायचा आणि त्या गॅसवर बस चालवायची. हुसेनभाई तक्रार घेऊन आले, “मास्तर, गाडीला ओढच नाही.”

मी त्यांच्याबरोबर एक फेरी मारली. सल्ला द्यायला इंजिनापर्यंत जावंच लागलं नाही. प्रत्येक थांब्यावर कोणी ना कोणी भट्टीचं खालचं दार उघडून विडी पेटवत होतं आणि दार तसंच उघडं टाकत होतं.

“दार उघडू देऊ नका,” मी म्हणालो.

“मी सांगतो हो. पण पॅसेंजरला तलफ येते, त्याला काय करू?”

घाटात बस थांबली तेव्हा हुसेनभाई तणतणत मागे गेले. भट्टीपाशी एक म्हातारी उकिडवी बसली होती. राखेत भलंमोठं वांगं घातलं होतं.

“आजी, हे इंजिन आहे. चूल नाही.”

“व्हय रं बाबा,” आजी म्हणाली. “तू तुजं इंजिन बघ, मी माजं वांगं बघते.”

त्या दिवशी बस फार उशिरा पोचली. वांगं वेळेवर झालं. स्टँडवर भाकरीबरोबर त्याचं भरीत आम्हा तिघांनाही पुरलं, आणि हुसेनभाईंनी पुन्हा त्या आजींकडून तिकिटाचे पैसे घेतले नाहीत.

* * *

इथपर्यंतचे किस्से हसण्यावारी नेण्यासारखे. एक गोष्ट मात्र तशी नव्हती. बायको गेल्यापासून त्या बाजूच्या गावांना डॉक्टर उरला नव्हता. अडलेली बाई बैलगाडीत घालायची आणि घाट चढवून नगरला आणायची. सगळ्याजणी पोचायच्या नाहीत.

लढाई संपल्यावर नगरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आली. तिला मोटार चालवता येत होती आणि ती गावोगाव फिरायला तयार होती. मात्र तिनं स्पष्ट सांगितलं होतं की गाडी मिळाली तरच राहीन, नाहीतर पुण्यात दुसरी जागा ठरलेली आहे. गाडीची खटपट अंगावर घेतली रंगनाथ पाटलांनी. त्यांचं गाव घाटाखाली. माझ्या बायकोच्या हातून त्यांच्या घरची दोन नातवंडं जन्मली होती.

गाडी कुठून आणायची हा विषय रोज संध्याकाळी ओसरीवर निघायचा. पेरूच्या झाडाकडे मात्र कोणी बघायचं नाही. मीही नाही.

* * *

लष्करानं लढाईतून उरलेल्या, डिस्पोजलच्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा पाटील मला घेऊन तिथं गेले. मी इंग्रजीसाठी आणि सल्ल्यासाठी. पाटलांनी एक जीप हेरली. तिच्याभोवती फिरले, पाठीवर थाप मारली, खाली वाकून पाय बघितले. मग गोऱ्या सार्जंटसमोर उभे राहून मला म्हणाले, “इचारा, खोड काय हाय?”

आमच्याकडच्या बैलबाजारात ही रीतच आहे. जनावर मारकं असेल, औतात बसत असेल, बुजत असेल, तर मालकानं विकण्याआधी ती खोड सांगायची. सांगितलेल्या खोडीबद्दल मग भांडण नाही. न सांगता विकणाऱ्याच्या दावणीला पुढच्या बाजारात कोणी उभं राहत नाही.

मी सार्जंटला विचारलं. तो हसून म्हणाला की, ही फार पिते.

“पिना का,” पाटील म्हणाले. “खानारंपिनारं जनावर कामाला बरं.”

मग त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, सार्जंटचा हात हातात घेतला आणि वर टॉवेल टाकला. बाजारात भाव असाच ठरतो, टॉवेलाखाली बोटं दाबून. सार्जंटला वाटलं, ही इकडची निरोप घ्यायची पद्धत असावी. त्यानं मनापासून हात दाबला आणि गदागदा हलवला.

पाटलांचा चेहरा खुलला. “मास्तर, पाची बोटं धरली. आता ह्यो गडी मागं फिरायचा न्हाई.”

तो कसा फिरणार? आपण नेमकं काय कबूल केलं, हे त्याला समजावता समजावता माझं सगळं इंग्रजी संपलं.

* * *

जीप आली. डॉक्टरीणबाईनं ती पाटलांच्या गावापर्यंत नेली आणि परत आणली. शेजारी पाटील बसले होते. दोघंही ओसरीसमोर उतरले ते कंबर धरूनच.

“गाडी चांगली आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “कुठंही जाईल.”

पाटील बाकावर जपून टेकले. “जाईल वो बाई. पर हिच्यात अडलेली बाई घातली, तर घाटाच्या पायथ्यालाच मोकळी व्हईल. दवाखाना घाटावरच ऱ्हाईल.”

सगळे हसले. डॉक्टरीणबाई हसली नाही. पुण्याच्या जागेला होय-नाही कळवायला आता फार दिवस उरले नाहीत, असं ती म्हणाली. आबासाहेब चष्मा पुसत बसले. हुसेनभाईंनी विडी पेटवली आणि विझू दिली. त्या दिवशी सगळे पेरूच्या झाडाकडे न बघण्याची नको तितकी काळजी घेत होते.

मी उठलो आणि डबीवरचं जाजम काढलं.

* * *

उस्ताद हत्यारांची पेटी घेऊन आला. आल्याआल्या त्यानं निदान केलं. मी हसलो नाही, कारण या गाडीची मला घाई होती आणि थोडी भीतीही होती.

त्यानं बॉनेट उघडलं, आत हात घातला आणि बाहेर काढला तो मूठभर चिंध्या, पेरूची पानं, माझ्या बायकोच्या जुन्या हातमोज्याचं बोट आणि दोरा असं सगळं घेऊन. उंदरानं इंजिनाशेजारी घर केलं होतं.

उस्तादनं ते सगळं दोन्ही हातांवर धरून आम्हाला एकेकाला दाखवलं. त्याचा आवाज भरून आला होता. “मी काय म्हणत होतो?”

* * *

डबी चालू झाली. आवाज तोच होता. मी पाटलांना सांगितलं, “डॉक्टरीणबाईसाठी घेऊन जा. पैशाचं बोलू नका.”

पाटील जागचे हलले नाहीत. “तशी न्हाई न्यायची मास्तर. फुकट दिलेल्या जनावराची तर आदी सांगावी. खोड काय हाय?”

“थंडीत लवकर उठत नाही.”

“आमीबी न्हाई उठत. म्होरं?”

“हॉर्न मनात आलं तर वाजतो.”

“बैलं तरी बुजायची न्हाईत. म्होरं?”

“बस, एवढंच,” मी म्हणालो.

डॉक्टरीणबाई चालवायला बसली. मला म्हणाली, “मास्तर, तुम्ही शेजारी बसा, सवयी सांगा.” मी डावीकडे बसलो. पाटलांनी बाहेरून दार लावलं. आम्ही वेशीपर्यंत गेलो आणि वळून आलो. ती गिअर जरा घाईनं टाकत होती. ते सोडलं, तर हात चांगला होता. मी काही सांगितलं नाही.

ओसरीसमोर गाडी थांबली. ती उतरली आणि सरळ पुढे गेली. उस्तादनं बॉनेट उघडलं, सगळे आत डोकावून बोलू लागले. मी बसून राहिलो. किती वेळ, ते माझ्या लक्षात आलं नाही.

“उतरा की मास्तर,” पाटील म्हणाले. “का अजून एक फेरी मारायची?”

“एक खोड सांगायची राहिली,” मी खिडकीतून म्हणालो. “या बाजूचं दार आतून उघडत नाही. चालवणाऱ्यानं उतरून, वळसा घालून यायचं आणि उघडायचं.”

पाटील गंभीर झाले. “ही खोड मोठी हाय. आत अडलेली बाई, आन डाक्टरीनबाई औषदाची पेटी काढायची का दार उघडत फिरायची? न्हाई जमायचं. उस्ताद, बगा जरा.”

उस्ताद चालवणाऱ्याच्या जागेवर येऊन बसला. माझ्यासमोरून हात लांब करून त्यानं दाराची मूठ ओढली.

दार उघडलं.

त्यानं ते लावलं आणि पुन्हा ओढलं. पुन्हा उघडलं. मग त्यानं मूठ वरखाली करून बघितली, बिजागरीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

“मास्तर,” तो म्हणाला, “हे कधी बिघडलेलंच नव्हतं. ह्यात तर कचरासुद्धा नाही.”

डॉक्टरीणबाईनं बॉनेट हळूच मिटलं. पाटील गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले. उघडं दार एका हातानं धरून उभे राहिले. मी उतरेपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही.

“मग ही खोड डबीची न्हवं, मास्तर,” ते म्हणाले. “डबी बिनखोडीची हाय. आमी नेतो.”