सुलामावशी सिनेमा ऐकतात

नाशिक रोडला आमच्या कॉलनीत शिरलं की डाव्या हाताच्या तिसऱ्या घराच्या खिडकीत पाटी दिसते : 'फॉल-पिको करून मिळेल. घाई करू नये.' दुसरं वाक्य सुलामावशींचं स्वतःचं आहे. सत्तावीस वर्षं त्या या खिडकीशी बसून साड्यांना फॉल लावतात. डोळे साडीच्या काठावर, कान मोकळे. त्या मोकळ्या कानांनी त्यांनी आधी रेडिओ संपवला, मग टीव्हीवरच्या मालिका, आणि आता साठीला टेकल्यावर त्या अख्ख्या जगाचा सिनेमा ऐकायला बसल्या आहेत. बघायला म्हणत नाही मी. ऐकायलाच.

गेल्या वर्षी त्यांची मुलगी तेजल पुण्याहून आली, तिनं भिंतीवर मोठा टीव्ही लावला आणि स्वतःची दोन ॲपं त्यात चालू करून दिली. "आई, आता जगातलं सगळं दिसेल," असं म्हणून ती गेली. जगातलं सगळं दिसायला लागलं आणि तिथेच पंचाईत झाली. त्यातलं बघायचं काय?

रिमोट झुंबरकाकांकडे, म्हणजे मावशींच्या यजमानांकडे. काका रेल्वे टपालात सॉर्टर होते. बत्तीस वर्षं पाकिटावरचा पत्ता वाचायचा आणि पाकीट योग्य खणात टाकायचं, हेच काम. माणूस इतका अबोल की मी शेजारी राहायला आल्यावर पहिले सहा महिने मला वाटायचं त्यांना ऐकू येत नाही. पण रिमोट हातात आला आणि जुनी सवय जागी झाली. प्रत्येक सिनेमाखाली दोन ओळींची माहिती असते ना, ती ते पत्ता वाचावा तशी खणखणीत वाचायचे आणि मावशी मान वर न करता निकाल द्यायच्या.

"एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला जुना गुन्हा स्वस्थ बसू देत नाही."

"पुढे."

"एका श्रीमंत कुटुंबाचं काळं गुपित उघड होतं."

"श्रीमंतांचं राहू द्या. पुढे."

"तीन मित्र गोव्याला जातात."

"जाऊ द्या त्यांना. पुढे."

हे तासभर चालायचं. मी शाळेतून येताना पिशवी टेकवून पाच मिनिटं बसायचे, तेव्हा मला तर हाच कार्यक्रम जास्त आवडायचा.

हळूहळू मावशींनी जगातल्या सगळ्या सिनेमा-मालिकांची वाटणी केली. काही पिकोच्या. म्हणजे मशीन घरघर चालू ठेवलं, अर्धे संवाद बुडाले, तरी काही बिघडत नाही. काही फॉलच्या. हातशिलाईला आवाज नसतो, तेव्हा त्या नीट कान देऊन ऐकाव्यात अशा. आणि तिसऱ्या, अगदी थोड्या, ज्यांच्यासाठी सुई खाली ठेवावी लागते. कॉलनीतल्या बायका साडी टाकायला आल्या की विचारू लागल्या, "मावशी, या रविवारी काय लावू?" मावशी दोऱ्याचा रंग जुळवता जुळवता सांगायच्या, "ती वकिलाची नको, पिकोची आहे. ती दोन बहिणींची लाव, फॉलची आहे. पण तिसऱ्या भागानंतर बंद कर, पुढे त्यांनी नुसती ओढलीय."

मी एकदा त्यांचं न ऐकता वकिलाची पाहिली. दहा भाग. शपथेवर सांगते, पिकोचीच होती.

खरा खेळ सुरू झाला तो मार्चमध्ये. हिंदी-मराठीतलं निवडून निवडून संपत आलं होतं. काका खाली खाली गेले, जिथे सहसा कुणी जात नाही अशा रांगेत, आणि एक चित्र दिसलं : बर्फावर उभी एक म्हातारी आणि तिची गाय.

"काय लिहिलंय?" मावशींनी विचारलं.

"एक स्त्री आपल्या गाईला घेऊन गोठलेलं तळं पार करते."

"एवढंच?"

"एवढंच."

सुई थांबली. "लावा."

लावला, तर भाषा कुठल्या कुठली. हिंदी आवाज नाही, काही नाही. खाली इंग्रजी अक्षरं. मावशींना इंग्रजी येत नाही, आणि येत असतं तरी मांडीवर साडी घेऊन वाचणार कसं? काका बटणं दाबत बसले, आणि मग त्यांनी घसा खाकरून सरळ मराठीत सुरुवात केली. पडद्यावर तळं अजून गोठायचं होतं. "होडीवाला म्हणतोय, बाई, माणसाचं तिकीट आहे, गाईचं नाही. ती म्हणतेय, मग मीही येत नाही, जा."

पहिल्या पाच मिनिटांत ते 'म्हणतोय-म्हणतेय' गळून पडलं. होडीवाला जाड आवाजात बोलू लागला. म्हातारी कणखर, जराशी अनुनासिक. इतकंच नाही, गाय नुसती बघायची तिथेही काका तिच्या वतीनं बोलू लागले, "मला काय विचारतेस, मी तर नको म्हणत होते!"

मी दारात उभी होते. बत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं निमूटपणे खणात टाकणारा हा माणूस सोफ्यावर बसून म्हातारी, होडीवाला आणि गाय एकदम झाला होता. मावशी माझ्याकडे बघून कुजबुजल्या, "लग्नाला सदतीस वर्षं झाली. यांच्यात एवढी माणसं होती हे मला माहीतच नाही गं!" आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या, त्या थांबेचनात.

त्या दिवशी वीज गेली आणि सिनेमा अर्धा राहिला. मावशींना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पहिल्यापासून लावला. मांडीवर होती संजनाची पैठणी. संजना आमच्याच गल्लीतल्या भाडेकरूंची मुलगी, तिचं लग्न चार दिवसांवर आलेलं. येवल्याहून खास विणून घेतलेली, अंजिरी रंगाची, काठावर मोर. अशा साडीला मशीन लावत नाहीत, सगळं हातानं.

मीही खुर्ची ओढून बसले होते. म्हातारी बर्फाच्या मध्यावर पोचली. वारा सुटला. गाय थांबली, पुढे चालेचना. म्हातारीनं अंगावरची घोंगडी काढून गाईच्या पाठीवर टाकली आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"थकलीस का?" काका म्हणाले. म्हातारीच्या आवाजात. "मी नाही थकले. तू... तू..."

आणि आवाज बंद.

"तू काय?" मावशी टाके घालत म्हणाल्या. "अहो, तू काय?"

त्यांनी मान वर केली. काकांचे ओठ नुसतेच हलत होते, आणि ते बाहीनं डोळे पुसत होते. चष्मा त्यांनी काढून हातात घेतला होता, म्हणजे अक्षरंही दिसत नव्हती. मावशी एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा पडद्यावर, आणि हात आपोआप टाके घालतच राहिला.

तेवढ्यात दारातून हाक आली. "मावशी, साडी झाली का? आत्याला दाखवायचीय." संजना, आणि तिच्यामागे तिची आत्या धोंडाबाई, देवळ्याहून संजनाच्या लग्नाच्या तयारीला आलेली, कांद्याची शेती सांभाळणारी धिप्पाड बाई.

"झालीच!" म्हणत मावशी उठल्या. त्यांच्याबरोबर पैठणीही उठली.

मावशी डावीकडे गेल्या, पैठणी डावीकडे. मावशींनी ती झटकली, तर त्यांच्याच अंगावरची साडी गुडघ्यापर्यंत वर आली. क्षणभर कुणाला काही कळेना. मग मी वाकून पाहिलं : हातभर लांबीत, अतिशय बारीक, अतिशय सुबक टाक्यांनी, मावशींनी नवरीची पैठणी स्वतःच्या निऱ्यांना शिवून टाकली होती.

"मावशी!" संजना किंचाळली.

"बाई गं, घाबरू नको. टाके माझेच आहेत, उसवतील." असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा पांढरा पडला होता.

धोंडाबाईनं कंबरेवर हात ठेवून सगळा प्रकार नीट बघितला. आणि ती बाई हसली. आधी पोट हललं, मग खांदे, मग ती चक्क खाली बसली. "अवं माय! लगीन संजनानं, आनि साडी दोघींनी नेसायची का?" मग संजना हसली, मी हसले, काका डोळे पुसता पुसता हसायला लागले, आणि मावशी मधोमध उभ्या, दोन साड्यांत अडकलेल्या, "अगं हसवू नका, टाका ताणला जाईल!" असं ओरडत सगळ्यांत जास्त हसत होत्या.

उसवायला जमिनीवर बसावंच लागलं. मावशींना हलता येत नव्हतं म्हणून मी आणि संजना कातरीच्या टोकानं एकेक टाका सोडवू लागलो. धोंडाबाईचं लक्ष टीव्हीकडे गेलं. काकांनी गडबडीत सिनेमा मध्येच थांबवला होता, त्यामुळे पडद्यावर गाय तशीच उभी होती.

"हे काय शे?"

मावशींनी बसल्या जागेवरून सगळी गोष्ट सांगितली. धोंडाबाई डोळे बारीक करून गाईकडे बघत राहिली. "चालू करा ना जरा पुढे, दाजी."

काकांनी चालू केलं. गाय चार पावलं चालली, आणि धोंडाबाई मांडीवर थाप मारून म्हणाली, "गाय गाभण शे!"

"सिनेमात तसं काही आलेलं नाही अजून," काका म्हणाले.

"सिनेमाले काय समजतं? तिनी चाल दखा ना! आठ-धा दिवसांत व्येल ती."

टाके सुटले, पैठणीला ओरखडाही नव्हता. संजनानं उजेडात धरून चारदा पाहिलं. पण आता उठायला कुणीच तयार नव्हतं. काकांचा आवाज परत आला होता, आणि नवा प्रेक्षक मिळाल्यामुळे वाऱ्याचाही आवाज ते काढायला लागले होते. शेवटी संजनाचा फोन वाजला. मेंदीवाली येऊन बसली होती. धोंडाबाई दारापर्यंत उलटी चालत गेली, नजर पडद्यावरच.

लग्न देवळ्याला होतं. आम्ही तिघं एसटीनं गेलो. अक्षता पडल्या, पैठणी अशी काही झळकली की मावशींनी मला कोपरानं ढोसलं. मग जेवायला बसलो. वाढपी वरण घेऊन आला होता, इतक्यात पंगतीच्या त्या टोकाहून धोंडाबाई हातात जिलेबीचं ताट घेऊन धावत आली.

"दाजी! गाय पोहचनी का नही?"

आजूबाजूच्या बायकांनी माना वळवल्या. म्हणजे तिनं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. चार दिवस अख्खं लग्नघर त्या गाईच्या काळजीत होतं.

काका गोंधळले. भर मांडवात, शंभर माणसांपुढे. मावशी हळूच म्हणाल्या, "सांगा ना. घरी सांगता तसं."

काकांनी पाण्याचा घोट घेतला आणि सुरुवात केली. म्हातारीचा आवाज आला, वारा आला. बर्फ तडकला तसा त्यांनी पापड मोडला, आणि दोन पोरी दचकल्या. म्हातारी पलीकडे पोचते, तिचा मुलगा दारात उभा असतो, पाच वर्षांत आईशी न बोललेला. तो म्हणतो, आत ये. ती म्हणते, आधी गाईला चारा.

"बराबर!" कुणीतरी म्हणालं.

"आणि त्याच अंगणात," काका म्हणाले, "गाय व्याली. धोंडाबाई, तुम्ही म्हणालात तसंच. गाभणच होती."

पंगतीत असा गलका झाला की स्टेजवरची नवरी-नवरदेव उठून बघायला लागले. धोंडाबाईनं ताटातल्या सगळ्या जिलेब्या काकांच्या पानात ओतल्या. वाढपी वरणाची बादली धरून तसाच उभा होता. "कालवड का गोऱ्हा?" त्यानं विचारलं.

"कालवड," काका म्हणाले, आणि मगच त्यानं वरण वाढलं.

परतीच्या बसमध्ये काकांचा आवाज पूर्ण बसला. डॉक्टरांनी सांगितलं, आठ दिवस एक शब्द बोलायचा नाही. आणि इकडे शनिवारी दुपारी कॉलनीजवळच्या बुद्धविहारात जमणाऱ्या पाच बायका साड्या घेऊन आल्या. साड्या निमित्ताला. त्यातल्या कुसाबाईंची तर साडी जुनीच होती, फॉल आधीच लावलेला.

टीव्हीवर नवा सिनेमा, समुद्रकाठच्या कुठल्याशा देशातला. काका गळ्याला मफलर गुंडाळून सोफ्यावर मुके बसलेले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मावशींनी सुई उशीला टोचली, साडी घडी करून बाजूला ठेवली.

"मी सांगते," त्या म्हणाल्या.

"तुला इंग्रजी कुठे येतं?" कुसाबाई म्हणाल्या.

"डोळे आहेत ना मला! इतकी वर्षं वापरले नाहीत, आता वापरते." आणि त्यांनी सुरू केलं. "हा नवरा आहे. बायकोवर रुसलाय. मासे आणले नाहीत म्हणून ती बोलत नाही..."

सोफ्यावर काका जोरजोरानं हात हलवू लागले. नाही, नाही! दोन बोटं जवळ धरली, मग मनगटावर राखी बांधल्याची खूण केली. मी खालची अक्षरं वाचली. ती भाऊ-बहीण होती.

"मावशी, ते बहीण-भाऊ आहेत!" मी म्हणाले.

मावशींनी पडद्याकडे बघितलं. मग पाच बायकांकडे, ज्या पुढे सरकून, साड्या विसरून ऐकत होत्या.

"असू देत," कुसाबाई घाईनं म्हणाल्या. "तू सांग गं. मासे का नाही आणले त्यानं?"

काकांनी दोन्ही हात डोक्याला लावले. मग तोंडावर मफलर दाबला, कारण हसायलाही मनाई होती.