मोठ्या डब्याचं झाकण

मांजरी गावाच्या वाटेवर आता जिथे उंच इमारती आहेत, तिथे आमचा भांड्यांचा कारखाना होता. उसाची रानं विकत घेऊन तो उभा राहिला. सुरुवातीला पितळेचे बंब आणि घंगाळी निघायची. घरोघरी स्टील आलं तेव्हा डबे निघू लागले. ज्यांची रानं गेली, तेच तिथे कामाला लागले. शेजारचे काका पाळीवर निघताना म्हणायचे, "आमच्याच रानात हजेरी लावाया चाललोय, दुसरं काय हाय." कामगारांची वसाहत भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची.

वसाहतीत एकाही घरात धड भांडं नव्हतं. तपासणीत नापास झालेला माल शनिवारी कामगारांना स्वस्तात मिळे. त्याला 'सेकंड' म्हणत. प्रत्येक भांड्याच्या तळाशी तपासनिसाचा नंबर ठोकलेला असे. माल नापास झाला की त्या नंबरावर फुली. त्यामुळे आम्हाला एक वाईट खोड लागली. कुणाकडेही गेलो तरी वाटी रिकामी झाली की ती उलटी करून बघायची.

माझे वडील तपासनीस. त्यांनीच फुली मारलेल्या डब्यांनी आमचं स्वयंपाकघर भरलं होतं आणि आईला त्याचा वीट आला होता. माझं लग्न सदाशिव पेठेत ठरलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मुलीबरोबर सेकंड जाणार नाही." अशा वेळी काही तपासनीस चांगल्या मालावर फुली मारून तो घरी आणत. वडिलांना हे सुचवायची कुणाची छाती नव्हती. ते रविवार पेठेत गेले आणि आपल्याच कारखान्याचे, एकात एक बसणारे पाच डबे घेऊन आले. हा माल किती उत्तम असतो, हे दुकानदाराने त्यांना बराच वेळ समजावलं म्हणे.

आईने डबे ओट्यावर मांडले. वडिलांनी सवयीने एकेक झाकण अंगठ्याने दाबलं. सगळ्यांत मोठ्याचं हललं. त्यांनी डबा उलटा केला. तळाशी त्यांचाच नंबर होता, फुली नव्हती.

"बदलून आणा," आई म्हणाली.

"म्हणजे तो दुसऱ्या कुणाच्या मुलीबरोबर जाईल."

आईने जरा विचार करून निकाल दिला. फुली नाही, म्हणजे सेकंड नाही. पाचही डबे माझ्याबरोबर पेठेत आले.

दिवाळसणाचं बोलावणं करायला वडील आले, तेव्हा सासूबाई त्याच मोठ्या डब्यातून चिवडा काढत होत्या. "झाकण हलतंय जरा," त्या म्हणाल्या. "आपल्या कारखान्यात सेकंडचा माल मिळतो म्हणे. त्यातला का हा?"

"नाही हो," मी घाईने म्हणाले. "दुकानातून घेतलाय. फुली नाहीये त्यावर."

वडिलांनी बशी खाली ठेवली. "सेकंडच आहे. माझ्या हातून चुकून पास झाला."

सासूबाईंनी त्यांना आणखी चिवडा वाढला. मला मात्र वडिलांचा भयंकर राग आला. गप्प बसले असते तर काय बिघडणार होतं?

दिवाळीला माहेरी गेले. आई ओट्याशी होती, वडील शेजारी पेपर वाचत होते.

"डबे आवडले ना गं त्यांना?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणाले. "एकदम फर्स्ट म्हणाल्या."

वडिलांनी पेपरचं पान उलटलं आणि पुढे वाचत राहिले.