मागचा तांबडा दिवा

दिग्रसच्या कापसाच्या जिनवाल्या शेठची जुनी, दोन माणसांची स्पोर्ट्स कार मी चालवायचो. एकदा तिचा ब्रेकचा दिवा लागेना, म्हणून दारव्ह्याच्या एका मिस्त्रीकडे नेली. उंदरांनी कुरतडलेली वायर त्याने शोधली, नवी जोडली. मी ब्रेक दाबला. मागच्या भिंतीवर तांबडा उजेड पडला.

“लागला, मिस्त्री!”

तो मागे जाऊन दिव्यासमोर उकिडवा बसला. “आणखी दाबा.”

दहादा तरी दाबला असेल. शेवटी मी वैतागून विचारलं, “आता काहून?”

“भावाच्या जीपचा दिवा म्याच जोडला होता,” तो म्हणाला. “मांगं जाऊन पाह्यलंच नाही. कळंबच्या उतारावर त्यानं ब्रेक मारला, मांगच्या ट्रकवाल्याले समजलंच नाही.”

आरशात त्याचं तोंड काळवंडलेलं दिसत होतं.

“दाबा,” तो म्हणाला.

मी दाबत राहिलो.