अप्पांच्या सायकलीचा शॉकअप

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. ग्रीसचा हात लागतो तिथं धूळ बसते, तसं त्यांचं असतं. नांदूरघाटला माझं लेथचं दुकान होतं आणि त्याला लागून रऊफचं सायकलचं. मधे एक बाकडं. लाइट गेली की माझं काम बंद, आणि लाइट तर सारखीच जायची. मग बाकड्यावर गप्पा. त्या गप्पांतले निम्मे किस्से एकट्या अप्पांच्या सायकलीचे निघतील.

शिवलिंगअप्पा म्हणजे समोरचे किराणा दुकानदार. गावात एसटीडीचा पिवळा बूथ आला, डिशचा टीव्ही आला, त्याच सुमाराला अप्पांनी नगरहून ही सायकल आणली. जाड टायर, सरळ हँडल आणि पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात चक्क शॉकअप. मोटारसायकलीसारखा! अप्पा तिला 'डोंगराची सायकल' म्हणायचे.

गावानं ती सायकल चालवली नाही, दाबली. येणारा-जाणारा हँडल धरून पुढचं अंग खाली दाबायचा, सोडायचा, ते वर आलं की खूश व्हायचा. आत अप्पा साखर जोखतायत आणि बाहेर सायकल वरखाली. शेवटी अप्पांनी सांगून टाकलं, "काहीतरी घेतल्याबिगर कुणी दाबायचं न्हाई."

तेव्हापासून त्यांच्याकडं काडेपेट्या लई खपायला लागल्या.

*

दाबून दाबून म्हणा की रस्त्यांनी म्हणा, वर्षभरात पुढून खटखट सुरू झाली. खड्डा आला की खट, ब्रेक दाबला की खट. रऊफ म्हणाला, हँडलचे छर्रे ढिले झालेत. त्यानं वरचा नट पाना लावून असा आवळला, की खटखट राहिली बाजूला, हँडलच वळेना.

हे कळलं स्टँडच्या वळणावर. रस्ता वळला, अप्पा वळले नाहीत. ते सरळ न्हाव्याच्या दुकानात शिरले. आत एकजण अर्धी दाढी होऊन बसलेला. न्हाव्यानं वस्तरा बाजूला धरला, अप्पांकडं पाहिलं आणि बाकाकडं बोट दाखवलं.

"बसा अप्पा. नंबर हाय."

*

नट परत ढिला केला, तरी खटखट तशीच. मग मी पुढचा ब्रेक दाबून सायकल मागं-पुढं हलवली आणि रऊफला सांगितलं, वरची नळी खालच्या नळीत शिरते तिथं बोट धर. बोटाला हिसका लागत होता. म्हणजे हँडलचा दोष नव्हता, नळी नळीत हलू नये म्हणून आत बसवलेले बुश झिजले होते.

रऊफनं चिमटा खोलला. आतून गंजलेली स्प्रिंग निघाली आणि मूठभर पिवळा भुगा. भुगा त्यानं माती समजून नालीत झटकला. मागाहून दुसरी नळी खोलली तेव्हा कळलं, की तो स्प्रिंगखालचा रबर होता, दाबून दाबून पार चुरा झालेला. असला रबर बीडलाही मिळेना.

बाकड्यावर आमचे रिटायर गुरुजी रोज पेपर वाचता वाचता झोपायचे. त्या दुपारीही झोपले होते, आणि त्यांची नवी रबरी स्लीपर खाली पडली होती. रऊफनं तिचे गोल तुकडे कापले, एकावर एक रचून नळीत बसवले. एकदम बरोबर बसले.

गुरुजी अनवाणी घरी गेले. पुढं कित्येक दिवस कुणी विचारलं, की काय गुरुजी, पायात काही नाही, तर ते रस्त्यानं जाणाऱ्या अप्पांकडं हात करायचे. "ती काय, माझी चप्पल चाललीय बघा."

*

बुश मी नायलॉनच्या दांड्यातून लेथवर काढून दिले. पहिली जोडी जरा घट्टच झाली. अप्पांनी हँडल दाबलं, पुढचं अंग खाली गेलं आणि वर आलंच नाही. सायकल मान खाली घालून उभी. आम्ही तिघंही बघत राहिलो.

अप्पांनी तिच्या हँडलवर हात ठेवला. "सुखी रहा," म्हणाले. "आता तरी उठ."

दुसऱ्या जोडीला मी हात राखून पॉलिश पेपर मारला, रऊफनं भरपूर ग्रीस घातलं, आणि चिमटा लोण्यासारखा चालायला लागला. अप्पा इतके खूश, की दिवसभर स्वतःच दाबत बसले. काडेपेटीही न घेता.

*

आणि मग भाचीचं लग्न जमलं, सुपारीचा दिवस आला.

अप्पांच्या बायको काशीकाकू. त्यांचं माहेर टेकडीपलीकडच्या गावात. त्या दिवशी एसटी आलीच नाही. काकूंचा भाऊ मोठा रुसका. बहीण वेळेवर नाही आली तर वर्षभर तोंड न दाखवणारा. काकूंचे डोळे भरून आले. अप्पा म्हणाले, चल, आपली सायकल हाय की. किराण्याची पोती न्यायला त्यांनी मागं मोठं कॅरेज बसवून घेतलं होतं. काकू पाठदुखीचं निमित्त करून त्यावर कधी बसल्या नव्हत्या. त्या दिवशी बसल्या.

रस्ता म्हणजे नुसती खडी. दर खड्ड्याला अप्पा मागं वळून विचारायचे, कळलं का काही? काकू कॅरेज आणखी घट्ट धरायच्या. हे आम्हाला नंतर काकूंनीच सांगितलं. पाचसहा खड्डे त्यांनी सोसले आणि मग म्हणाल्या, "थांबवा." उतरल्या, कमरेवर हात ठेवून सायकलीकडं नीट बघितलं.

"शॉकअप फकस्त पुढंच हाय का ओ?"

अप्पा म्हणाले, व्हय, फकस्त पुढंच असतो.

सुपारी वेळेवर झाली, भाऊ रुसला नाही. दिवस कलायच्या आत आम्ही बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा टेकडीकडनं सायकल येताना दिसली. लुगडं वर खोचून काशीकाकू ताठ बसून चालवत होत्या. पोरीपणी त्या माहेरी सायकल शिकल्या होत्या, हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं. मागं कॅरेजवर अप्पा, एका हातानं टोपी आणि एका हातानं कंबर धरून.

रऊफला राहवेना. तो उठून रस्त्यात गेला आणि ओरडला, "काय अप्पा, कसा चालतोय शॉकअप?"

काकूंनी घंटी वाजवली. अप्पा जाता जाता म्हणाले,

"तिला इचार."