ठोके ऐकायची नळी

जुनी वैद्यकीय अवजारं जमवायचा मला नाद आहे. काल शेजारच्या निवृत्त नर्स कुसुमताई माझं कपाट बघायला आल्या. गरोदर बाईच्या पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची अॅल्युमिनियमची नळी मी कौतुकाने त्यांच्या हातात दिली. गप्पा मारता मारता त्या नळीचं तोंड पदरावर चोळू लागल्या.

“स्वच्छ आहे हो ती, ताई,” मी जरा घुश्शातच म्हणालो.

“पुसत नाहीये रे. ऊब देतेय. गार लागलं की पोरी दचकतात.”

इतकी वर्षं मी तिची नुसती चकाकी सांभाळली. माझे ठोके ऐकण्याआधीही कुणीतरी आईसाठी अशीच नळी चोळली असेल. त्या अनोळखी पदराला मनोमन नमस्कार करून मी नळी कपाटात ठेवली. अजून कोमट होती.