दशरथच्या काळजाची राखण

दशरथ परब तरुणपणी लालबागच्या संघातून कबड्डी खेळायचा. समोर सात जण उभे असले तरी गडी घाबरायचा नाही. पुढे संपात गिरणी गेली, घाटकोपरच्या डोंगरावर खोली घ्यावी लागली, एका कारखान्याच्या गेटवर वॉचमनकी आली. तेव्हाही घाबरला नाही. पंच्याऐंशी साली हार्ट अ‍ॅटॅक आला, त्यातूनही वाचला. मग मात्र त्याला वाचल्याचीच भीती बसली.

सोडताना डॉक्टर म्हणाले होते, "रोज थोडं चाला. आधी सपाटीवर, मग चढावर. छातीत दुखलं तर थांबा, थोडा दम लागला तर घाबरू नका." दशरथने त्यातलं 'थांबा' तेवढं ऐकलं आणि दारातल्या खाटेवर कायमचा थांबला. दोन बोटं मनगटावर. बँकेच्या तिजोरीवर नसेल असा पहारा. सार्वजनिक संडासापर्यंत जायचा तोही नवरदेवाच्या थाटात, पाऊल मोजून.

शेजारचा अनंत धीर द्यायला आला. "माझ्या साडूचा भाऊ अ‍ॅटॅकनंतर असाच फिरायला लागला, आठवड्यात खलास," एवढा धीर देऊन, चहा पिऊन गेला. त्या भावाला खलास करण्याच्या कामी दारूही आली होती, हे सांगायचं तेवढं राहिलं.

उन्हाळ्यात वरच्या नळाचं पाणी गेलं. दशरथची बायको प्रेमा पायथ्यापासून डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढायची. एकदा ती घामाघूम होऊन आत आली, तर हे महाशय छातीवर हात ठेवून बसलेले.

"काय झाला?"

"तांब्या घेवक उठलंय. धडधडता गो."

प्रेमाने हंडा दाणकन ठेवला, त्याची दोन बोटं धरली आणि स्वतःच्या मनगटावर दाबली.

"बघा. माका अ‍ॅटॅक इलो काय?"

दशरथ बघतच राहिला. "अगो, तुजा तर माज्यापेक्षा जोरात!"

"चढान इलंय. काळीज काम करता तर वाजताच."

त्याने तिच्या मनगटावरची बोटं काढून घेतली. मग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशीपण असाच वाजत होता."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्याने हे तोंडातून काढलं होतं. प्रेमा त्याच्या शेजारी बसली. "त्या दिवशी छातीत दुखत होता, घाम सुटललो. आता दुखता काय?"

"नाय."

"मग उद्या माज्याबरोबर भायर चला."

दुसऱ्या दिवशी दोघं वळणापर्यंत गेली. दम लागला की थांबायचं, एकमेकांची नाडी बघायची. वस्तीने लगेच निदान केलं: म्हाताऱ्यांना या वयात हात धरायची हौस आली!

दिवाळीपर्यंत दशरथ डोंगर उतरून कामावर जाऊ लागला, आणि जो भेटेल त्याला चालण्याचे फायदे ऐकवू लागला. अनंत तर आता त्याला लांबून बघूनच गल्ली बदलतो.

उभ्या चढावर मात्र दशरथ अजून मध्येच थांबतो. खालचं घाटकोपर कसं वाढलंय, यावर काहीतरी बोलतो. प्रेमाला घाटकोपरात काडीचा रस नाही. तरी ती थांबते, 'हो ना' म्हणते आणि त्याचा श्वास खाली बसला की पुढे निघते.